तव्यावरचा मासा: वाचकांचे प्रश्न

रोहूच्या तुकड्यांना मसाला लावून तासभर ठेवते. तरी उलटताना मसाला तव्यालाच राहतो आणि तुकडा मोडतो. तवा लोखंडी आहे, तो बदलू का? (नांदेड)

तवा बदलू नका. घोळ पाण्याचा आहे. ओल्या तुकड्यावर मसाला बसत नाही आणि मसाल्यातल्या मिठाने मासा तासभर पाणी सोडतच राहतो. ते पाणी तव्यात उतरलं की तेल निवतं, मासा तळायच्या ऐवजी उकडतो.

म्हणून मीठ आधी, मसाला नंतर. अर्धा इंच जाडीचे अर्धा किलो तुकडे घ्या. त्यांना १ चहाचा चमचा मीठ आणि अर्धा चमचा हळद चोळून १५ मिनिटं चाळणीत ठेवा. सुटलेलं पाणी फेका, तुकडे सुती फडक्याने टिपून कोरडे करा. पुन्हा धुवायचे नाहीत. मसाल्याला २ चमचे लाल तिखट, १ मोठा चमचा आलं-लसणाचं गुळगुळीत वाटण, १ मोठा चमचा चिंचेचा घट्ट कोळ आणि पाव चमचा काळा मसाला. पाण्याचा थेंब नको, मीठही आणखी नको. काळा मसाला पाव चमच्यापुढे नेऊ नका. तो आधीच भाजलेला असतो, तेलात परत भाजला की कडू होतो. लसूण जाडसर राहिला तर तोही करपतो. मसाला लावून २० मिनिटं पुरेत. चिंचेत जास्त वेळ ठेवलं तर वरचं मांस भुसभुशीत होतं, आणि मोडायला तेवढंही निमित्त पुरतं.

वरून ३ मोठे चमचे ज्वारीचं पीठ आणि १ मोठा चमचा तांदळाचं पीठ. रव्याचा हट्ट कोकणाने धरावा. आपल्या डब्यातली ज्वारी चांगला खमंग पापुद्रा देते. पीठ मात्र ताजं हवं, महिनाभर पडलेलं कडवट लागतं. पिठात घोळवलं की तुकडा लगेच तव्यात गेला पाहिजे, ताटात ठेवला तर पीठ ओलं होतं.

तव्यात ४ मोठे चमचे तेल तापवा. चिमूटभर पीठ टाकल्यावर लगेच बुडबुडे आले की तुकडे सोडा, एका वेळी चारच. मध्यम आचेवर पहिली बाजू ४ मिनिटं, आणि तेवढा वेळ उलथनं लांब ठेवा. मासा तापल्या लोखंडाला आधी चिकटतोच; खालची बाजू कडक झाली की आपोआप सुटतो. दुसऱ्या बाजूला ३ मिनिटं लागतात. तेल शेंगदाण्याचं किंवा रिफाइंड करडईचं चालेल. घाण्याचं करडई तेल चवीला छान, पण लवकर धुरावतं. ते वापरायचं तर आच मंद ठेवा.

धरणातल्या माशाला उन्हाळ्यात चिखलाचा वास का येतो? मसाला वाढवूनही जात नाही. (पैठण)

साचलेल्या पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि काही जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. पहिल्या पावसानंतर येणारा मातीचा वासही त्याचाच. ते माशाच्या चरबीत मुरतं, म्हणून नुसत्या पाण्याने धुवून किंवा तिखट वाढवून जात नाही. पोटातला काळा पापुद्रा आणि कण्यालगतचं रक्त खरवडून काढा, कल्ले राहू देऊ नका. सालीखालची तपकिरी पट्टी वासाचं मोठं घर आहे, ती काढता आली तर उत्तम. मग आंबट ताकात २० मिनिटं ठेवून धुवा आणि मिठाच्या पायरीपासून पुढे चला. आंबटाने वास कमी होतो. फारच उग्र असेल तर तो मासा तळू नका, चिंचेच्या रश्श्यात घाला.

लहान मुलांसाठी काट्यांचं काय करावं? (लातूर)

मिळाली तर मरळ घ्या. महाग पडते, पण मांसात बारीक काटे नसतात. रोहू-कटल्याचे दुफाट्याचे चोरकाटे पाठीकडच्या आणि शेपटीकडच्या मांसात असतात. पोटाकडच्या भागात फासळ्याच, त्या मोठ्या असतात आणि बोटांनी ओढून निघतात. मुलांना पोटाचा तुकडा द्यावा, शेपूट मोठ्यांनी खावी. तरी घास तुम्हीच चाचपून द्या.

आठवडी बाजारात बर्फातला बांगडा मिळतो. घ्यावा का? (हिंगोली)

बर्फात पुरलेला असेल तर घ्या. बर्फावर नुसता मांडलेला, वरून ऊन खाणारा नको. बांगडा उबेत राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंगावर पित्त उठतं. एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून नाहीसं होत नाही, आणि दर वेळी वासावरून कळेलच असंही नाही. कल्ले लाल आणि डोळे फुगीर हवेत, बोटाने दाबलेला खळगा भरून यायला हवा. घरी न्यायला बर्फाची पिशवी मागून घ्या, आणि बाजारातली बाकीची खरेदी आधी उरका.