किताब मिळाला, समाजकार्यही सुरू झालं, आता बी.एस्सी.चं काय?

प्रश्न : माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे, बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला नुकतीच गेली. उन्हाळ्यात तिने जिल्हा पातळीवरची एक सौंदर्यस्पर्धा जिंकली. आयोजकांनी तिला वर्षभर समाजकार्य करायला सांगितलं आहे. आतापर्यंत रुग्णालयात फळवाटप, बालगृहात खाऊवाटप आणि दोन ठिकाणी वृक्षारोपण झालं. फोटो आयोजकांच्या पेजवर जातात. राज्याच्या फेरीत हे काम धरलं जाईल म्हणतात, पण त्या फेरीची फी आम्हाला झेपणारी नाही. आता मुलगी म्हणते, कॉलेज सोडून पूर्णवेळ समाजसेवाच करते, त्यातच माझं मन लागतं. तिचे वडील म्हणतात, हे सगळं बंद कर, पट्टा घालून गावभर फिरणं शोभत नाही. मी दोघांच्या मध्ये अडकले आहे. यात करिअर होतं का? या सर्टिफिकेटचा पुढे काही उपयोग होतो का?
– एक आई, कराड तालुका

उत्तर : ताई, नमस्कार.

एकोणिसाव्या वर्षी आपलं मन कशात लागतं हे मुलीला कळलं आणि तिने ते घरी येऊन आईला सांगितलं, याचा मला फार आनंद झाला. तेव्हा तिचं काम बंद करू नका. कॉलेजही सोडू देऊ नका. काम ज्या पद्धतीने चाललंय ती पद्धत मात्र बदलायला हवी.

आधी तातडीचं सांगते. बालगृहातल्या मुलांबरोबरचे फोटो त्या पेजवर असतील, तर आजच्या आज काढायला लावा. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवू. त्या बालगृहातली मुलगी उद्या शाळेत जाईल, आणि हातात बिस्किटाचा पुडा धरलेला तिचा फोटो वर्गातल्या कुणाच्या तरी मोबाइलवर निघेल. हे तुमच्या लेकीला नीट समजावून सांगितलंत तर ती स्वतःच आयोजकांना फोन करेल, अशी माझी खात्री आहे.

आता स्पर्धा आणि समाजकार्य यांची सांगड कुठून आली, ते थोडक्यात. मिस वर्ल्ड स्पर्धेत १९७२ मध्ये ज्युलिया मॉर्ली यांनी 'ब्युटी विथ अ पर्पज' हा उपक्रम सुरू केला. पुढे स्पर्धकाने आपल्या देशात काय काम केलं, हे तिथे मोजलं जाऊ लागलं. आपल्या पुण्यात वाढलेल्या पूजा चोप्रांना २००९ मध्ये हा सन्मान मिळाला. २०१७ ची मिस वर्ल्ड मानुषी छिल्लर हरियाणातल्या वैद्यकीय महाविद्यालयाची विद्यार्थिनी होती आणि मासिक पाळीतली स्वच्छता हा एकच विषय घेऊन ती गावोगावी बायकांशी बोलली. मोठ्या स्पर्धांचं पाहून जिल्हा-तालुक्याच्या स्पर्धांनीही समाजकार्याची अट घातली. अट वाईट नाही. अडचण अशी की बऱ्याच ठिकाणी विषय, अभ्यास, पाठपुरावा मागे राहतो आणि फोटोच पुढे येतो. फळवाटपाच्या दुसऱ्या दिवशी त्या वॉर्डातल्या एकाही रुग्णाच्या आयुष्यात फरक पडलेला नसतो, हे मुलींनाही कळतं. म्हणून पुष्कळ जणी सहा महिन्यांत कंटाळतात. तुमची मुलगी कंटाळलेली नाही. तिला खरं काम द्यायची वेळ आली आहे.

ते कोणतं, यावर मी बराच विचार केला. तिचा विषय मायक्रोबायोलॉजी, वय एकोणीस, आणि आठवी-नववीच्या मुली तिच्याकडे डोळे विस्फारून बघणार. या तिन्हीचा एकत्र उपयोग होईल असा एक विषय तुमच्या तालुक्यातच आहे : मुलींच्या अंगात रक्त कमी असणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. कॉलेजातल्या रक्तदान शिबिरात हे डोळ्यांनी दिसतं. रक्तदानाला हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं. हौसेने रांगेत उभ्या राहिलेल्या मुलींपैकी कितीतरी जणी बोटाला सुई टोचून झाल्यावर परत पाठवल्या जातात, आणि त्यांना तिथे पहिल्यांदा कळतं.

सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलींना आठवड्यातून एक लोहाची गोळी देण्याची योजना आहे, निळ्या रंगाची गोळी. गोळी वर्गापर्यंत येते. पुढे काय होतं? उपाशीपोटी घेतली तर मळमळतं. शौचाला काळं होतं. ते नेहमीचंच आहे हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून मुलगी घाबरते आणि पुढच्या आठवड्यापासून गोळी दप्तरात, नाहीतर बाकाच्या फटीत जाते. घरी घेतली तर चहाबरोबर, आणि चहाने लोह अंगी लागत नाही. जेवणानंतर घे, चहा तासाभराने घे, वर लिंबू किंवा आवळा खा, काळं झालं तर घाबरू नकोस. एवढंच सांगायचं असतं, पण ते ताईने सांगावं लागतं. मुख्याध्यापकांनी फळ्यावर लिहून दिलं तर 'शौचाला काळं होतं' हा प्रश्न कोणती मुलगी विचारेल? किताब जिंकलेली, त्यांच्याच बोलीत बोलणारी मुलगी समोर बसली की त्या विचारतील. तिच्या मुकुटाचा मला दिसणारा सगळ्यात चांगला उपयोग हा आहे.

पद्धत अशी ठेवावी. एकच शाळा घ्यायची, दोन नाही. आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि आशाताईंना भेटायचं, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यायची. गोळ्या वाटणं, तपासण्या करणं हे आरोग्य खात्याचं आणि शिक्षकांचं काम. त्याला तिने हात लावू नये. तिने महिन्यातून दोनदा जावं, बोलावं, ऐकावं आणि किती मुली गोळी खरंच खातात याची नोंद नाव न लिहिता ठेवावी. पहिल्या भेटीला हवं तर पट्टा घालू दे, मुलींना गंमत वाटेल. पुढच्या भेटींना साधा ड्रेस.

आणि एक डायरी. तारीख, वेळ, किती तास, कुणाशी बोलली, कोणता प्रश्न आला, काय उत्तर दिलं, काय उत्तर देता आलं नाही. वर्षाअखेरीला मुख्याध्यापक आणि वैद्यकीय अधिकारी यांच्याकडून लेटरहेडवर पत्र घ्यायचं. सर्टिफिकेटबद्दल विचारलंत, म्हणून स्पष्ट सांगते : स्पर्धेच्या प्रमाणपत्राने प्रवेश किंवा नोकरी मिळत नाही. अशी डायरी आणि अशी पत्रं मुलाखतीत टेबलावर ठेवली की समोरची माणसं पुढे सरकून प्रश्न विचारू लागतात.

कॉलेज सोडायची गरज नाही, कारण यातलं बरंच कॉलेजच्या आतूनच करता येतं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडच्या पदवी अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटला क्रेडिट्स आहेत. तिच्या विभागप्रमुखांना विचारा, हाच विषय प्रोजेक्ट म्हणून चालेल का. दुसरी वाट राष्ट्रीय सेवा योजनेची, म्हणजे एनएसएसची. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं विशेष शिबिर पूर्ण केलं की विद्यापीठाचं प्रमाणपत्र मिळतं. त्याला सगळीकडे मान आहे. पण त्यासाठी सलग दोन वर्षं लागतात आणि तिच्या हातात नेमकी दोनच उरली आहेत. या आठवड्यातच कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटायला सांगा.

आता करिअर. होतं, ताई. पदवी लागते, हीच त्यातली मुख्य गोष्ट. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करता येतं. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था ही जुनी, नावाजलेली ठिकाणं. टाटा संस्थेचा प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतो. या परीक्षेचे अर्ज गेल्या काही वर्षांत साधारण डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास निघाले आहेत, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीपासून लक्ष ठेवायचं. तिची विज्ञानाची बाजू पाहता मला दोन रस्ते जास्त जवळचे वाटतात. एक, एमएसडब्ल्यूमध्ये वैद्यकीय समाजकार्य. सरकारी रुग्णालयांत 'समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)' हे पद असतं. गरीब रुग्णाला योजनेचा लाभ मिळवून देणं, नातेवाइकांना धीर देणं, सोडून दिलेल्या रुग्णाचं घर शोधणं ही त्यांची रोजची कामं. दुसरा, सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, एमपीएच. तिथे मायक्रोबायोलॉजी थेट उपयोगी पडते.

कंपनी कायद्याने २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, त्यामुळे तिथेही आणि त्यांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांतही जागा निघतात. पगाराबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. संस्थांतल्या नोकऱ्या बहुधा प्रकल्पापुरत्या, करारावरच्या असतात आणि सुरुवातीला पैसे बेताचेच मिळतात. चार-पाच वर्षं नेटाने काढली की परिस्थिती सुधारते. तिला हे आत्ताच माहीत असू दे. सुट्टीत स्वतःला अजमावायचं असेल तर आनंदवनाची सोमनाथची श्रमसंस्कार छावणी आहे, गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेचा तरुणांसाठीचा 'निर्माण' उपक्रम आहे. तिथे तिला तिच्यासारखे खूप जण भेटतील.

राज्याच्या फेरीबद्दल माझं मत विचाराल, तर कर्ज काढून किंवा दागिना मोडून जाऊ नये. फी भरूनच पुढे जाता येत असेल, तर त्या पैशात एमएसडब्ल्यूच्या फॉर्मचा आणि मुलाखतीच्या प्रवासाचा खर्च निघतो. तिने सही केलेला करार मात्र एकदा वकिलाला दाखवा : फोटो कुठे वापरायचा हक्क कुणाला, कार्यक्रमांना येणं बंधनकारक आहे का, मध्येच थांबलं तर काय. ती सज्ञान आहे, तिची सही बांधील धरली जाते. शिवाय किताबाच्या वर्षात उद्घाटनांची, हळदीकुंकवाची, वाढदिवसांची आमंत्रणं येणार. कुणाही नेत्याच्या फ्लेक्सवर तिचा फोटो लागू देऊ नका. गावात एकदा एका गटाची म्हणून ओळख झाली की दुसऱ्या गटाच्या वस्तीतली दारं बंद होतात, आणि तिला तर सगळ्यांच्या मुलींशी बोलायचंय.

तिच्या वडिलांसाठी दोन नावं लिहिते, त्यांना वाचून दाखवा. रीटा फारिया, मूळच्या गोव्याच्या कुटुंबातल्या. १९६६ मध्ये मिस वर्ल्ड झाल्या तेव्हा मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत होत्या. किताबाचं वर्ष संपल्यावर पुन्हा वैद्यकाकडे वळल्या, लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये शिकल्या, डॉक्टर म्हणून काम केलं आणि आयर्लंडमध्ये स्थायिक झाल्या. दुसऱ्या भाषा मुखर्जी, कोलकात्यात जन्मलेल्या, लहानपणी इंग्लंडला गेलेल्या, २०१९ च्या मिस इंग्लंड. डॉक्टरकीतून काही काळ सुट्टी घेऊन सेवाकार्यासाठी फिरत होत्या. मार्च २०२० मध्ये भारतात असतानाच कोरोनाची लाट आली. त्या इंग्लंडला परतल्या, विलगीकरणाचे दिवस काढले आणि लिंकनशायरमधल्या आपल्या जुन्या रुग्णालयात पुन्हा ज्युनिअर डॉक्टर म्हणून रुजू झाल्या. दोघींनाही समाजाच्या उपयोगी पडता आलं ते हातात शिक्षण होतं म्हणून. वडिलांना मुलीच्या अब्रूची काळजी आहे, ती मी समजू शकते. त्यांनी एकदा तिच्याबरोबर शाळेत जावं, मागच्या बाकावर बसावं. त्यांचं मत बदलेल असं मला वाटतं, आणि नाही बदललं तरी ते काय बघून बोलताहेत हे मुलीला कळेल.

पुढचं पत्र तिने स्वतः लिहावं, एवढी विनंती. कोणती शाळा घेतली, वैद्यकीय अधिकारी काय म्हणाले आणि एनएसएसला नाव लागलं का, हे त्यात कळवायला सांगा. विषय रक्तक्षयाऐवजी दुसरा कुठला घ्यावासा वाटला तर तोही लिहू दे. त्या विषयाचं तालुक्यात कोणाकडे शिकता येईल, ते मी शोधून देईन.