दिवसभर खेळतेच, मग शिकते कधी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी सव्वातीन वर्षांची, धाकटा दीडचा. इतक्यात शाळा नको, घरीच अनस्कूलिंग करायचंय, म्हणजे ठरलेला अभ्यासक्रम न ठेवता खेळातून आणि रोजच्या जगण्यातून शिकू द्यायचंय. पण ती नुसती खेळते, आकडे विचारले की गप्प बसते किंवा पळून जाते, आणि घरातल्या मोठ्यांनी 'आज काय शिकवलंत?' म्हटलं की तुमच्याकडे उत्तर नसतं.

पळून जाते ते बरोबरच आहे. 'हा कोणता रंग?', 'हे किती झाले?' या प्रश्नांचं उत्तर तुम्हाला माहीत आहे, हे तिला पक्कं ठाऊक असतं. म्हणजे ही परीक्षा झाली, आणि खेळ तिथेच संपला. अनस्कूलिंग बिघडतं ते बहुतेक इथेच. वह्या-तक्ते बंद होतात, पण तोंडी परीक्षा चालूच राहते. त्यापेक्षा जे दिसतंय ते बोला: 'निळा मोजा सापडला. याचा जोडीदार कुठे गेला?' हाही प्रश्नच, पण खरा, कारण दुसरा मोजा तुम्हालाही सापडलेला नाही. अंदाजासाठी एक हिशेब ठेवा: तीन वाक्यं सहज बोललात, तर एक प्रश्न. आणि बोलून झालं की मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प राहा, धाकट्यापाशी दहा. मोठी माणसं दोन सेकंदही थांबत नाहीत आणि मुलाचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकतात. शब्द किती कानावर पडले यापेक्षा बोलण्याची देवाणघेवाण किती वेळा झाली, याला जास्त किंमत आहे. धाकट्याने बोट दाखवलं आणि तुम्ही तिकडे बघून 'हो, पंखा फिरतोय' म्हणालात, तर ती एक फेरी पूर्ण झाली.

एक खेळ नीट बघू. उथळ परात किंवा टब, त्यात दोनेक लिटर पाणी, खाली जुना टॉवेल. एक उंच अरुंद पेला, एक पसरट वाटी, एक मग, एक स्पंज. एवढंच. दहा भांडी दिलीत तर ओतण्याऐवजी फेकाफेक होते. पहिली दहा मिनिटं काही सांगू नका, ओतायचं कसं ते दाखवूही नका; तुम्ही करून दाखवलंत की ती तुमची नक्कल करते, स्वतः शोधणं थांबतं. मग अधूनमधून एखादा शब्द: 'भरला', 'अजून मावतंय', 'सांडलं'. मावणं, ओसंडणं, झिरपणं हे शब्द तक्त्यावर शिकता येत नाहीत, पाणी हातावरून गेलं की येतात. वाटीतलं पाणी पेल्यात ओतलं की ती म्हणेल, 'आता जास्त झालं!' दुरुस्त करू नका. पाणी तेवढंच राहतं ही समज साधारण सहा-सात वर्षांच्या आसपास येते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांबरोबर असेच प्रयोग करून हे दाखवलं. तुम्ही फक्त म्हणा, 'परत वाटीत ओतून बघू या का?' सांडल्यावर खेळ बंद करणं ही दुसरी चूक. फडकं तिच्याच हाताशी ठेवा, पुसण्यात अर्धा खेळ आहे. मात्र हाताच्या अंतरावरून हलू नका, धाकटा जवळ असेल तर मुळीच नाही. लहान मूल काही सेंटीमीटर पाण्यातही बुडू शकतं. खेळ संपला की टब लगेच रिकामा करा.

आता आकडे. 'मोजता येतं' यात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात: आकड्यांचा क्रम पाठ असणं, एका वस्तूला एकच आकडा लावणं, आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण किती हे कळणं. दहापर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलीला 'चार चमचे दे' म्हटलं तर ती मूठभर देते. याला दुर्लक्ष म्हणू नका, तिसरी गोष्ट अजून जमलेली नाही एवढंच. ती बहुतेकांना साडेतीन-चारच्या सुमारास जमते. त्यासाठी रोजची ताटं मांडणं पुरे. प्रत्येकासमोर एक ताट, एक पेला. एक कमी पडलं तर तिला स्वतःला कळू द्या, तुम्ही आधी सांगू नका. अकराच्या पुढे घाई तर अजिबात नको. आपल्या आकड्यांत एकोणीसमध्ये विसाची चाहूल आधीच लागते, त्यात मोठेही अडखळतात.

भाषेच्या चुकांचं म्हणाल, तर 'मी करलं' ही चांगली खूण आहे. घरात कुणीच 'करलं' म्हणत नाही. म्हणजे 'बसलं', 'उठलं' ऐकून तिने नियम स्वतः काढला. उत्तर द्या, 'हो, तू एकटीने केलंस!' बरोबर रूप कानावर पडलं, काम झालं. 'म्हण बघू, केलं' असं वदवून घेऊ नका.

अक्षरांआधी हात. स्पंज पिळणं, कपड्यांचे चिमटे उघडणं, कागद फाडणं, मोज्यांच्या घड्या. पेन्सिल तीन बोटांत नीट धरणं बऱ्याच मुलांना चार ते सहाच्या दरम्यान जमतं. आधी हट्टाने धरायला लावलं तर मूल चित्रंही काढेनासं होऊ शकतं. वाचून दाखवताना तेच पुस्तक विसाव्यांदा मागितलं तर वाचा, ओळीच्या शेवटच्या शब्दापाशी थांबा, तो ती म्हणेल. बाजाराची यादी तिच्यासमोर, मोठ्याने उच्चारत लिहा.

शाबासकीच्या चांदण्या-स्टिकर टाळा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीच्या मुलांवर प्रयोग केला. आधीच बक्षीस कबूल केलेली मुलं नंतर आपणहून कमी चित्रं काढू लागली.

दिवसाला वेळापत्रक नको, पण ठेका हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचना हाताशी ठेवा: एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात किमान 180 मिनिटं हालचाल, तीन-चारच्या वयात त्यातली 60 मिनिटं चांगली दम लागणारी, झोप धाकट्याला 11 ते 14 तास, थोरलीला 10 ते 13, स्क्रीन दोन वर्षांपर्यंत नको, पुढे फार तर एक तास. खेळणी एकावेळी आठ-दहाच बाहेर, बाकीची कपाटात, पंधरा दिवसांनी अदलाबदल. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जाईल अशी कुठलीही वस्तू धाकट्याच्या वाटेत नको. बटणासारखे सेल आणि छोटी चुंबकं तर दोघांच्याही हाती लागता कामा नयेत.

घरच्यांना उत्तर हवंय ना? रोज दोन ओळी, तारखेसह: ती काय करत होती, आणि तिचं एक वाक्य जसंच्या तसं. 'छान खेळली' असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. 'चिमटे मोठ्यापासून छोट्यापर्यंत लावले, म्हणाली, हा बाबा, हे बाळ' असं लिहा. महिन्याभराने वाचून दाखवा.

एक इशारा मात्र मनावर घ्या. 'आपापल्या गतीने शिकेल' हे वाक्य सगळीकडे लागू होत नाही. धाकटा दीड वर्षाचा होऊनही बोटाने काही दाखवत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, दोन वर्षांचा झाल्यावरही 'आई ये' असे दोन शब्द जोडत नसेल, किंवा दोघांपैकी कुणाचेही आलेले शब्द गळायला लागले, तर वाट बघू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासून घ्या.