पृथ्वीवरचं पाणी धूमकेतूंनी आणलं का? आणि मंगळावरचं पाणी कुठे गेलं? मुलाच्या प्रकल्पासाठी एका ओळीत उत्तर हवं आहे.

एका ओळीत मी सांगणार नाही. याच हट्टापायी एका हुशार मुलीचे मार्क गेलेले मी पाहिले आहेत.

मी तेव्हा नववीला विज्ञान शिकवत होतो. २०१४ च्या डिसेंबरात ६७पी या धूमकेतूजवळ गेलेल्या रोझेटा यानाचे आकडे जाहीर झाले. आपल्या समुद्रात साधारण ६,४०० हायड्रोजन अणूंमागे १ ड्युटेरियमचा, म्हणजे जड हायड्रोजनचा असतो; हे प्रमाण जुळतं का, यावरून पाणी कुठून आलं याचा अंदाज बांधतात. ६७पी धूमकेतूच्या वाफेत हे प्रमाण त्याच्या तिपटीहून जास्त निघालं. गंमत म्हणजे हर्शेल अवकाश दुर्बिणीने मोजलेले हार्टली-२ या धूमकेतूचे आकडे २०११ मध्ये जाहीर झाले, तेव्हा त्याचं पाणी आपल्या समुद्राशी जुळलं होतं. दोन्ही आकडे फळ्यावर लिहून मी विचारलं, आता काय म्हणाल? एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी उठून म्हणाली, “सर, दोन धूमकेतूंवरून सगळ्यांचं कसं ठरवायचं?” शिक्षकाला आणखी काय हवं असतं!

वार्षिक परीक्षेत पृथ्वीवरच्या पाण्याचा उगम विचारला होता. पेपर तपासायला दुसऱ्या सरांकडे होते. तिने दोन्ही आकडे देऊन लिहिलं, ‘अजून नक्की ठरलेलं नाही.’ नमुना उत्तरात ‘धूमकेतू’ होतं, म्हणून शून्य. मी स्टाफरूममध्ये भांडलो. ते म्हणाले, “मुलांना एकच उत्तर लागतं. तुमचे शास्त्रज्ञ दरवर्षी मत बदलतात, त्यांच्यामागे आपण किती पळायचं?” मुख्याध्यापकांनी त्यांची बाजू घेतली. मुलीच्या वडिलांनी तर मलाच बजावलं, पुस्तकातलं तेवढं शिकवा.

शास्त्रज्ञ लहर आली म्हणून मत बदलत नाहीत. २०२४ मध्ये रोझेटाच्याच हजारो नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या. धूमकेतूजवळच्या धुळीच्या कणांना ड्युटेरियम असलेलं जड पाणी चिकटून राहतं, त्यामुळे यान जवळ असताना आकडा फुगत होता. धुळीचा परिणाम बाजूला काढल्यावर ६७पीचं पाणीही आपल्या पाण्याच्या जवळ आलं. आल्मा दुर्बिणीने मोजलेले १२पी/पॉन्स-ब्रुक्स धूमकेतूचे आकडे २०२५ मध्ये जाहीर झाले, त्याचंही पाणी जुळलं. म्हणजे धूमकेतूंचा दावा पुन्हा बळकट झाला आहे. मग ते सर बरोबर होते का? मुळीच नाही. हातात असलेल्या आकड्यांवरून जे म्हणता येत होतं तेच तिने लिहिलं होतं, आणि तिला पूर्ण मार्क मिळायलाच हवे होते.

मंगळाचंही गणित ड्युटेरियमवरच चालतं. हलका हायड्रोजन वातावरणातून सहज निसटतो, जड मागे राहतो. मंगळाच्या हवेतल्या पाण्यात ड्युटेरियमचं प्रमाण पृथ्वीच्या पाच-सहा पट आहे, त्यावरून बरंच पाणी अवकाशात गेलं हे कळतं. नासाच्या मेवन यानाने २०१४ पासून अनेक वर्षं हे निसटणं मोजलं. आपल्या मंगळयानावरचा लायमन अल्फा फोटोमीटर हे हायड्रोजन आणि ड्युटेरियम मोजणारं उपकरणही याच मोजमापासाठी होतं. काही पाणी खनिजांत अडकलं. मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाच्या भूकंपनोंदींवरून २०२४ मध्ये असंही मांडलं गेलं की ११.५ ते २० किलोमीटर खोल खडकांच्या भेगांत द्रव पाणी असावं. अर्थात इनसाइट एकाच जागी उभं होतं, त्यामुळे सगळ्या मंगळाबद्दल त्यावरून खात्रीने सांगता येत नाही.

मुलाला तक्ता करायला सांगा: धूमकेतूचं नाव, मोजल्याचं वर्ष, ड्युटेरियमचं प्रमाण. खाली त्याला स्वतःचं मत लिहू द्या. त्यासाठी कुणी मार्क कापले तर शाळेत जाऊन विचारा, गप्प बसू नका. पालक गप्प बसतात म्हणूनच नमुना उत्तरं वर्षानुवर्षं तशीच राहतात.

लघुग्रहांचं सांगायचं राहिलं. जपानच्या हायाबुसा-२ यानाने २०२० मध्ये रिउगू या लघुग्रहावरून आणलेल्या मातीत पाणी धरून ठेवणारी खनिजं सापडली, आणि बऱ्याच संशोधकांचा कल धूमकेतूंपेक्षा लघुग्रहांकडे जास्त आहे. तक्त्यात त्यांच्यासाठीही जागा ठेवा.