ऑटिस्टिक मुलाला चारचौघांत "नॉर्मल" वागायला शिकवावं का?

तुम्ही विचारलंय की मुलगा ९ वर्षांचा आहे, ऑटिझमचं निदान झालंय, शाळेतल्या बाई म्हणतात खूप सुधारलाय, आता नजरेला नजर देतो, हात झटकत नाही. पण घरी आला की दप्तर फेकतो, तासभर किंचाळतो, आणि सासरची माणसं म्हणतात शाळेत जमतं तर घरी का नाही, तुम्हीच लाडावून ठेवलंय. तर आता अजून कडक व्हावं का.

नका होऊ ताई. मी ३६ वर्षांची आहे, नाशिकला सिडकोत वाढले, मला स्वतःला निदान मिळालं ते ३२व्या वर्षी. तुमचा तो घरी आल्यानंतरचा तास वाचला आणि राहवलं नाही म्हणून एवढं लांब लिहितेय. मी पण शाळेत शहाणी होते आणि घरी आले की पलंगाखाली जाऊन पडायचे, कोणी हाक मारली तरी ओरडायचे. आई म्हणायची बाहेर गुणाची आणि घरी अवदसा.

संक्रांत ते रथसप्तमी आमच्या कॉलनीत हळदीकुंकू असायचं, संध्याकाळी चार-पाच घरं व्हायची, छोट्याशा हॉलमध्ये वीस बायका, स्टीलच्या वाट्यांचं वाण त्याचा खणखणाट, आणि दारातच हाताच्या मागच्या बाजूला अत्तर. ते अत्तर मला अक्षरशः चावायचं, मी फ्रॉकला हात पुसत राहायचे आणि आई डोळे मोठे करायची. "माणसाकडे बघून बोल गं" हे तर रोजचंच. मग दहा वर्षांची असताना मला एक युक्ती सापडली. त्या दिवशी प्रत्येकीच्या कपाळावर ताजं कुंकू असतं, मी त्या कुंकवाकडे बघून बोलायला लागले. समोरच्या काकूला वाटायचं मी डोळ्यांतच बघतेय. "किती धीट झाली हो तुमची मुलगी!" आई इतकी खूश झाली की रात्री जेवताना बाबांना दोनदा सांगितलं. माझ्यावर कोणी हात उगारला नव्हता, त्या कौतुकानेच मला पक्कं शिकवलं की खरी मी लपवायची. पुढची वीस वर्षं मी बायकांच्या टिकलीकडे आणि पुरुषांच्या भुवयांकडे बघत बोलले.

ह्यालाच मास्किंग म्हणतात. अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला होते तेव्हा लंच ब्रेकमध्ये काय बोलायचं त्याची वाक्यं सकाळी पाठ करून जायचे, "काय मग, रविवारी कुठे गेलात", दुसरे हसले की हसायचं. हात झटकायची सवय लहानपणीच मोडली होती, त्याच्या जागी लग्नानंतर मंगळसूत्राची वाटी बोटात फिरवत बसायचे, त्याला कोणी काही म्हणत नाही. घरी आल्यावर पार्किंगमध्ये वीस वीस मिनिटं हेल्मेट घालूनच स्कूटीवर बसून राहायचे कारण हेल्मेटच्या आत जरा शांत वाटायचं. ३२व्या वर्षी एक दिवस बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेच्या नोंदी आणि आपला हिशोब जुळवणं, जे मी रोज करायचे, ते समोर असून कळेचना, तोंडातून शब्द फुटेना, चार महिने घरी होते. थायरॉईडची तपासणी झाली, बी१२ची झाली, "टेन्शन घेऊ नका" झालं. शेवटी एका सायकॉलॉजिस्ट मॅडमनी विचारलं, बोलताना तुम्ही नक्की कुठे बघता? मी म्हटलं टिकलीकडे. तिथून सगळं उलगडलं.

हे फक्त माझं रडगाणं नाहीये. डॉक्टर ज्याच्यावरून निदान करतात त्या डीएसएम-५ ह्या पुस्तकात (२०१३) स्पष्ट आहे की शिकून घेतलेल्या युक्त्यांमुळे लक्षणं झाकली जाऊ शकतात. लॉरा हल ह्या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर मास्किंग मोजायला २५ विधानांची प्रश्नावलीच केलीये. आणि २०१८ मध्ये सारा कॅसिडी यांच्या टीमला ऑटिस्टिक मोठ्या माणसांमध्ये मास्किंग आणि आत्महत्येचा धोका यांचा संबंध दिसला. घाबरवायला नाही सांगत, पण "सुधारलाय" म्हणताना कशाच्या बदल्यात हे बघावं. डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, ऑटिस्टिक माणसांना इतरांचं कळत नाही तसंच इतरांनाही ऑटिस्टिक माणसांचं कळत नाही. मग सगळी मेहनत एकट्या ९ वर्षांच्या पोरानेच का करायची?

सासूबाईंना असं सांगून बघा, घट्ट चप्पल घालून दिवसभर चाललं की चालताना माणूस रेटतो, घरी येऊन काढली की पाय ठणकायला लागतो. तो घरी किंचाळतो कारण घरीच चप्पल काढता येते, म्हणजे तुमच्याजवळ त्याला सुरक्षित वाटतंय. तिथे पण कडक झालात तर काढायची कुठे त्याने.

थेरपिस्टना सरळ विचारा की हे ध्येय त्याच्या सोयीसाठी आहे का बघणाऱ्यांच्या. हात झटकल्याने कोणाला लागत नाही, राहू द्या. डोकं आपटत असेल तर ते वेगळं, त्याचं कारण शोधायलाच हवं, तिथे मदत घ्या. नजरेला नजर देण्यापेक्षा "मला ब्रेक हवाय" हे बोलून, खुणेने, कार्ड दाखवून, कसंही सांगता आलं तर ते जन्मभर कामी येतं. ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये आहे आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करून देणं त्यात शाळांवर आहे, तेव्हा प्रार्थनेला कान झाकणारे हेडफोन, मधे पाच मिनिटं वर्गाबाहेर जायची मुभा हे मागताना उपकार मागतोय असं वाटून घेऊ नका. गणपतीत आपला नाशिक ढोल सुरू झाला की मी पण हेडफोन लावते, लोक बघतात, बघू देत.

आणि खोटं नाही बोलणार, मी अजूनही काही ठिकाणी मास्क करते, इंटरव्ह्यूला केलं, बँकेत करते, कारण तिथे न करण्याची किंमत मोठी असते. तुमचा मुलगाही पुढे करेल. पण केव्हा करायचं हे मी आता ठरवते आणि घरी करत नाही, नवऱ्याशी मी खिडकीबाहेर बघत बोलते, त्याला चालतं.

उद्या तो शाळेतून आला की दप्तर हातात घ्या, काय झालं, डबा खाल्ला का, काहीच विचारू नका. खोलीत अंधार करा, रोजचाच खाऊ ठेवा, तासभर कोणाला आत जाऊ देऊ नका, सासूबाईंना पण. पंधरा दिवस करून बघा आणि काय फरक वाटतो ते मला नक्की कळवा.