छताखालचा लोखंडी दांडा

प्रश्न : इंदूरच्या एका जुन्या गिरणीत छतालगत लांब दांडा आणि त्यावर चाकं दिसली. ती कशासाठी? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : तो लाइनशाफ्ट. विजेआधी एकच वाफेचं इंजिन तो फिरवी आणि चामडी पट्ट्यांतून यंत्रांना गती मिळे. दांड्यावरचं चाक १२ इंची, यंत्रावरचं ६ इंची असेल, तर २०० फेऱ्यांचे ४०० होत. यंत्र थांबवायचं तर पट्टा शेजारच्या सैल, म्हणजे यंत्राला न फिरवता नुसत्याच फिरणाऱ्या चाकावर सरकवत. दांडा मात्र फिरतच राही. वंगण आटलं की बेअरिंग तापे, पट्टा ढिलावला की वेग पडे.

गंमत म्हणजे वीज आल्यावरही अनेक कारखान्यांनी आधी फक्त इंजिनाच्या जागी मोटार बसवली, दांडा तोच! पट्ट्यांचं जंगल हटलं ते यंत्रागणिक मोटार आल्यावर.