कार्बन कर आला तर घरखर्च किती वाढेल?

प्रश्न : कार्बन कर येणार अशी चर्चा कानावर येते. आमचं चौघांचं घर. महिन्याला २५० युनिट वीज, पाइपचा गॅस १५ युनिट आणि दोन स्कूटर मिळून २० लिटर पेट्रोल लागतं. खिशातून किती जाईल? आणि तो बिलात दिसेल का?
– एक गृहिणी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : कार्बन कर म्हणजे इंधन जाळल्यावर निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या वजनावर लावलेला कर. या नावाचा कर आपल्याकडे घरगुती ग्राहकांना आज नाही. त्याच्या जवळचा एक कर मात्र आपण वर्षानुवर्षं भरला. जुलै २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लागला आणि २०१६ मध्ये तो ४०० रुपयांवर गेला. औष्णिक केंद्रात एका युनिटला साधारण ६५० ग्रॅम कोळसा जळतो, म्हणजे अशा विजेमागे युनिटला सुमारे २६ पैसे. बिलावर त्याची ओळ कधीच नव्हती. तो वीजखरेदीच्या खर्चात मिसळे आणि दरातून किंवा ‘फ्युएल चार्ज’मधून (इंधनाच्या खर्चाप्रमाणे बदलणारा बिलातला आकार) वसूल होई. गुजरातेत शहरी घरगुती ग्राहकाला त्यावर १५ टक्के वीजशुल्कही लागतं, म्हणून २६ पैशांचे ३० होत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून तो उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. २००० रुपये टनाच्या कोळशावर आधी ५०० रुपये (१०० जीएसटी, ४०० उपकर) पडत, आता ३६० पडतात. टनाचा भाव साधारण ३०७५ रुपयांच्या वर गेला की मात्र करही आधीपेक्षा जास्त. म्हणजे हलक्या, स्वस्त कोळशाला सवलत आणि चांगल्या, महाग कोळशाला भार. धुराच्या दृष्टीने हे उलटं झालं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता तुमचा हिशेब. कर कार्बन डायऑक्साइडच्या टनाला १००० रुपये धरू, म्हणजे किलोला १ रुपया. विजेच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणून १७५ किलो. गॅसच्या युनिटला सुमारे २ किलो, म्हणजे ३०. पेट्रोलच्या लिटरला २.३ किलो, म्हणजे ४६. एकूण २५१ रुपये. विजेवरचं शुल्क मिळवलं तर २७७ च्या आसपास. बाटल्याचा गॅस असलेल्यांनी १४.२ किलोच्या सिलिंडरला ४२ रुपये धरावेत. सिमेंट आणि भाजीच्या ट्रकच्या डिझेलमधून येणारी वाढ याशिवाय.

इथे हमखास चूक होते ती ‘टन’ शब्दात. कोळशाचा टन आणि कार्बन डायऑक्साइडचा टन वेगळे. एक टन कोळसा जळला की दीड टनाहून थोडा जास्त वायू निघतो. बातमीत आकडा दिसला की आधी टन कशाचा ते पाहा.

प्रश्न : कॅनडात लोकांना पैसे परत मिळत होते ना?
– एक निवृत्त शिक्षक, रावपुरा

उत्तर : हो. २०१९ पासून इंधनावरच्या कराचा बहुतांश पैसा कुटुंबांना परत मिळे, आधी वर्षाच्या करविवरणातून आणि २०२२ पासून दर तिमाहीला खात्यात. रक्कम माणसांच्या संख्येवर ठरे, इंधनावर नाही, त्यामुळे कमी जाळणाऱ्याला फायदा होई. १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरचा तो कर शून्य झाला. परताव्याशिवाय असा कर लावला तर गरिबाच्या उत्पन्नातला मोठा वाटा जातो. आपल्याकडे कुणी प्रस्ताव आणला तर पहिला प्रश्न परताव्याचाच विचारायला हवा.

प्रश्न : आत्ता काय करून ठेवावं?
– दांडिया बाजारच्या त्याच गृहिणी

उत्तर : आधी पंखे. जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३०. रोज १५ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात. मग गच्ची. २ किलोवॅट सौरसंच रोज सरासरी ८ युनिट देतो, म्हणजे तुमची गरज जवळपास भागते. त्याला २०० चौरस फूट मोकळी जागा लागते आणि ‘पीएम सूर्यघर’ या केंद्राच्या सौर योजनेत ६०,००० रुपये अनुदान आहे. जुन्या पेठेत शेजारच्या भिंतीची किंवा टाकीची सावली पाहा. पॅनल एका माळेत जोडलेले असले तर एकावरची सावली सगळ्यांची वीज कमी करते. अर्ज योजनेच्या पोर्टलवर आधी करा, काम नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि पॅनल देशी बनावटीचे आहेत हे कोटेशनवर लिहून घ्या. परदेशी निघाले तर अनुदान मिळत नाही.