हळदीची ओढणी विटली. आता पदवी सोडायची का?

प्रश्न : माझी मुलगी नाशिकला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. वर्षभर ती घरी बीट, हळद, कांद्याच्या पापुद्र्यांनी सुती ओढण्या रंगवते. एका प्रदर्शनात प्रत्येकी ४५० रुपयांना १२ ओढण्या विकल्या गेल्या. त्यातल्या दोन गिऱ्हाइकांनी रंग गेला म्हणून परत आणून दिल्या. आता तिला कॉलेज सोडून गच्चीवर शेड टाकून स्टुडिओ काढायचा आहे, त्यासाठी दोन लाख मागते आहे. हे करिअर आहे की छंद? स्वयंपाकघरात हे करणं सुरक्षित आहे का? – एक आई

उत्तर :

ताई, कॉलेज सोडू देऊ नका आणि दोन लाखही आत्ता देऊ नका. मात्र रंगकाम बंद कर असंही म्हणू नका. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या परत आलेल्या दोन ओढण्यांतच आहे.

बीटचा रंग उष्णतेने मोडतो आणि सुताला धरत नाही. तुरटी घाला, मीठ घाला, व्हिनेगर घाला, काही उपयोग नाही. हळदीचं उलट आहे. ती काही न लावताही सुताला छान धरते, पण उन्हात विटते आणि साबणात लालसर होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, त्यातलंच हे रसायन. म्हणजे मुलीच्या हातात दोष नव्हता, निवड चुकली. बाजारात टिकायचं तर मंजिष्ठा (लाल रंग देणारी मुळी), नीळ, डाळिंबाची साल, झेंडू, काथ, हिरडा अशा रंगद्रव्यांकडे वळावं लागेल. कांद्याचे पापुद्रे तुमच्या भागात कांदाचाळींतून सहज मिळतील, पण त्यांचा रंग उन्हाला मध्यमच टिकतो. डाळिंबाची साल त्याहून भरवशाची, आणि तीही रसवाल्याकडे फुकट मिळेल.

या धंद्यात सुंदर रंग एकदा निघणं ही फार मोठी गोष्ट नाही. तोच रंग पुढच्या महिन्यात पुन्हा काढता येतो का, यावर सगळं आहे. गिऱ्हाईक ‘तसलीच अजून चार द्या’ म्हणतं तेव्हा छंदाची परीक्षा होते. त्यासाठी मुलीला शेड नको, वजनकाटा आणि वही हवी.

सगळं प्रमाण कोरड्या कापडाच्या वजनावर धरतात. घरच्या शेगडीवर २० ते २५ लिटरच्या स्टीलच्या पातेल्यात एका वेळी अर्धा किलो सुती कापड नीट हलतं, म्हणजे मलमलच्या तीनेक ओढण्या. त्याहून जास्त कोंबलं की घड्यांच्या जागी पट्टे उमटणारच.

आधी खळ आणि सुताचं नैसर्गिक मेण काढायचं : १५ लिटर पाण्यात २५ ग्रॅम धुण्याचा सोडा, थोडा सौम्य साबण, आणि दीड तास उकळी. पाणी चहासारखं पिवळट-तपकिरी होतं. कोरं दिसणारं कापडही असं पाणी सोडतं, हे पाहिल्याशिवाय पटत नाही. धुऊन वाळवल्यावर कापडावर पाण्याचा थेंब टाकावा. तो लगेच शोषला गेला पाहिजे, वर मण्यासारखा थांबला तर पुन्हा उकळायचं. ही पायरी गाळली की पुढे डाग पडतात आणि दोष रंगाला दिला जातो.

मग हिरडा. कापडाच्या २० टक्के, म्हणजे १०० ग्रॅम पूड कोमट पाण्यात, कापड रात्रभर बुडवून. रंग कापडाला बांधते ती तुरटी, पण सुताला ती स्वतःहून नीट धरत नाही. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, मध्ये दुवा होतं. बाहेर काढल्यावर खळखळून धुवायचं नाही, पिळून सावलीत पसरायचं. घडी घालून दोरीवर टाकलं तर दोरीच्या रेषेत गडद पट्टा येतो. लोखंड जवळ नको. गंजकी तार, बादलीची कडी, अगदी कपड्याची गंजलेली पिनही त्या कापडाला लागली, तर तिथे शाईसारखा करडा-काळा डाग पडतो आणि तो निघत नाही.

तिसऱ्या दिवशी तुरटी : १५ टक्के, म्हणजे ७५ ग्रॅम, गरम पाण्यात विरघळवून. १० ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून हळूहळू घालायचा. फेस वर येतो, म्हणून पातेलं काठोकाठ भरू नये. फेस बसला की कोमट पाण्यात कापड किमान दोन तास, रात्रभर ठेवलं तर उत्तम. वाळल्यावर दोन-तीन दिवस तसंच राहू द्यावं, मग धुऊन रंगाला घ्यावं.

मंजिष्ठेची पूड कापडाच्या निम्मी, २५० ग्रॅम. आदल्या रात्री भिजवून फडक्यातून गाळावी, नाहीतर पुडीचे कण चिकटून ठिपके येतात. कापड घालून तासाभरात हळूहळू ६५ ते ७० अंशांपर्यंत न्यायचं आणि तिथेच एक तास ठेवायचं. घाई करून उकळी आणली की लाल मरतं, विटकरी-तपकिरी उरतं. थर्मामीटर घ्यायचा तो एवढ्यासाठी. मंजिष्ठेला जड, म्हणजे क्षारांचं पाणी मानवतं. पण बोअरच्या पाण्यात लोह असेल तर झेंडूचा पिवळा शेवाळी होतो. नळाचं पाणी वापरलं की बोअरचं, हेही वहीत हवं. हिरडा स्वतःच बदामी-पिवळा रंग देतो, त्यामुळे त्यावर स्वच्छ गुलाबी येणार नाही. तो हवा असेल तर हिरड्याऐवजी माजूफळ वापरतात, ते महाग पडतं.

निळीला तुरटी लागत नाही. नीळ १ भाग, चुना २, फळांची साखर (फ्रुक्टोज) ३, हे प्रमाण घरच्या मडक्याला सोपं. पृष्ठभागावर तांबूस चकाकी आणि खाली पिवळट-हिरवं पाणी दिसलं की मडकं तयार. कापड हिरवट बाहेर येतं आणि हवेत निळं होतं. एकदाच लांब बुडवण्यापेक्षा थोडा-थोडा वेळ चार वेळा बुडवावं, नाहीतर नीळ वरवर बसते आणि अंगाला लागते. पण सहा महिने निळीला हात न लावलेला बरा. मडकं रोज सांभाळावं लागतं, परीक्षेच्या दिवसांत ते बिघडतं.

आता सुरक्षिततेचं. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, हा समज सोडून द्या. रंगाचं पातेलं, चमचा, गाळणी पुन्हा स्वयंपाकात येता कामा नये. पूड मोजताना मास्क, चुना कालवताना चष्मा. रंग गडद करायला वापरतात तो हिराकस (लोहाचा क्षार) लहान मुलाच्या पोटात गेला तर जीवावर बेतू शकतं, तो कुलपात हवा. कापडाच्या २ टक्क्यांवर गेला तर सूतही कालांतराने ठिसूळ करतो. मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि बायक्रोमेट (क्रोमियमचा क्षार) घरात आणूच नका. जुन्या कृतींत ही नावं दिसतात. पहिलं माशांना मारक, दुसऱ्यातलं क्रोमियम कर्करोगकारक.

विकण्याआधी प्रत्येक रंगाची चाचणी हवी. पट्टीचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून दक्षिणेच्या खिडकीत महिनाभर. दुसरी पट्टी पांढऱ्या सुती तुकड्याला शिवून ४० अंशांच्या साबणपाण्यात अर्धा तास. पांढऱ्यावर रंग उतरला का पाहायचं. तिसरी पांढऱ्या फडक्याने दहा वेळा घासून, कोरडी आणि ओली. वर एक थेंब लिंबाचा रस. अधिकृत अहवाल हवा असेल तेव्हा मुंबईची टेक्सटाइल्स कमिटी चाचण्या करून देते. तिथे प्रकाशाला टिकण्याचं मोजमाप १ ते ८ आणि धुण्याचं १ ते ५ अशा श्रेणीत मिळतं.

पैशाचा हिशेब मुलीला स्वतः मांडू द्या. तीन ओढण्यांच्या एका घाण्याला आठवडा लागतो, प्रत्यक्ष हातचं काम साधारण आठ तास धरा. ताशी १५० रुपये लावले तर १,२०० रुपये, म्हणजे ओढणीमागे ४०० मजुरीच. ४५० ला विकलेल्या ओढणीत कापड, हिरडा, गॅस यांना ५० रुपये उरतात. प्रदर्शनाचं भाडं अजून धरलेलंच नाही. पावसाळ्यात वाळवण अडतं आणि ओलसर कापडावर बुरशी धरते, त्यामुळे वर्षाचे आठ-नऊ महिनेच धरावेत.

म्हणून पदवी पूर्ण होऊ द्या. धातूचा आयन धागा आणि रंग यांना कसा बांधतो, हे तिच्या अभ्यासक्रमातलंच रसायन आहे. पुढे वस्त्ररसायनाकडे जायचं तर मुंबईचं इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी (जुनं यूडीसीटी) आणि इचलकरंजीचं डीकेटीई हे वस्त्र-अभियांत्रिकीचं महाविद्यालय यांची त्या वर्षीची माहितीपत्रकं पाहा. डिझाइनची ओढ असेल तर अहमदाबादचं एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन), जयपूरचं क्राफ्ट्स अँड डिझाइनचं इन्स्टिट्यूट. रंगाईची प्रयोगशाळा, गुणवत्ता तपासणी, ब्रँडसाठी नमुने काढणं, अशी नोकरीची दारं रसायनाच्या पदवीने उघडतात. नुसत्या ओढण्यांच्या फोटोंनी नाही. एका सुट्टीत तिला कच्छला अजरखपूरला पाठवा. २००१ च्या भूकंपानंतर वसलेल्या या गावात हिरडा, तुरटी आणि लोह यांवरच लाकडी ठशांनी कापडछपाईचं काम चालतं. मंजिष्ठेसारख्या एकाच लाल रंगाच्या पातेल्यात तुरटीची नक्षी लाल होते आणि लोहाची काळी राहते, हे एकदा पाहिलं की पुस्तकातलं प्रकरण पुन्हा समजावून द्यावं लागत नाही.

सध्याचा खर्च म्हणजे एक पातेलं, १ ग्रॅमचा काटा, थर्मामीटर, पीएच कागद आणि शंभर पट्ट्यांचं कापड. वर्षाअखेरीस तिने कोणतेही तीन रंग निवडावेत, वहीतली कृती पाहून पुन्हा काढावेत आणि जुन्या पट्टीशेजारी ठेवावेत. तुम्हाला नवी कुठली नि जुनी कुठली हे ओळखता आलं नाही, तर शेडचा विषय काढा.

त्या दोन गिऱ्हाइकांचे पैसे आधीच परत केले नसतील तर करा. बाकीच्या दहा जणांना फोन करून, ओढणी सावलीत वाळवा, साबण सौम्य वापरा, आणि तरी रंग उतरला तर बदलून देऊ, एवढं कळवा. घरात उरलेल्या हळदीच्या ओढण्या विकायला नकोत. त्यांच्या पट्ट्या कापून खिडकीत लावा, वहीचं पहिलं पान तिथून सुरू होईल.